वाचकांचे प्रश्न : आकाशात फुटलेले इंजिन आणि अडीच वर्षांचा तपास

विमानप्रवासाच्या सुरक्षिततेविषयी आलेली बरीच पत्रे या वेळी एकाच शंकेभोवती फिरणारी आहेत, ती म्हणजे इंजिनाने हवेत दगा दिला तर काय होते आणि त्यानंतर जो तपास होतो त्याचा खरोखर उपयोग होतो का. अनेक अपघातांवरून धावती नजर फिरवण्यापेक्षा एकच घटना मुळापर्यंत पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते, म्हणून सर्व उत्तरे शक्यतो क्वांटास कंपनीच्या ‘उड्डाण ३२’च्या आधारे दिली आहेत. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या या एअरबस ए-३८० विमानात ४४० प्रवासी आणि २९ कर्मचारी होते. त्यांपैकी कोणालाही इजा झाली नाही, आणि तरीही या घटनेचा जितका बारकाईने तपास झाला तितका अनेक भीषण अपघातांचाही होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आणि सूनबाई सिडनीला राहतात आणि सिंगापूरमार्गे येतात-जातात. त्या मार्गावर एका मोठ्या विमानाचे इंजिन हवेत फुटले होते असे कळल्यापासून मनाला घोर लागला आहे. इंजिन फुटल्यावर विमान खाली येणारच ना? (नाशिक येथील एक वाचक)

उत्तर : आपली काळजी समजण्यासारखी आहे. मात्र इंजिन बंद पडणे आणि इंजिन फुटणे या दोन घटनांचा विचार वेगवेगळा करायला हवा. इंजिन बंद पडण्याची शक्यता प्रत्येक प्रवासी विमानाच्या रचनेत आधीच गृहीत धरलेली असते. धावपट्टी सोडण्याच्या अगदी नाजूक क्षणी एक इंजिन गेले तरी उरलेल्या इंजिनांच्या जोरावर विमान सुरक्षितपणे वर चढते, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि दोनच इंजिने असलेल्या विमानालाही यातून सूट नाही. इंजिनाच्या पुढच्या भव्य पंख्याचे पाते तुटले तर ते बाहेरच्या आवरणातच अडकले पाहिजे, अशीही अट आहे. त्यासाठी चाचणीच्या वेळी पूर्ण वेगात फिरणाऱ्या पंख्याचे एक पाते मुद्दाम तोडून पाहतात.

पाती ज्या जड चकतीवर बसवलेली असतात, ती चकतीच फुटली तर मात्र गोष्ट फार गंभीर होते. तिच्या तुकड्यांत इतकी ऊर्जा असते की त्यांना अडवू शकेल असे आवरण विमानाला वाहून नेणे परवडणार नाही. म्हणून अशा चकत्यांच्या धातूची आणि घडणीची विशेष तपासणी होते, ठरावीक इतकी उड्डाणे झाली की त्या चांगल्या दिसत असल्या तरी बदलतात, आणि इतके करूनही एखादी फुटलीच तर सगळ्या महत्त्वाच्या तारा, नळ्या आणि टाक्या एकाच वेळी निकामी होऊ नयेत अशा रीतीने त्यांची मांडणी केलेली असते.

उड्डाण ३२च्या बाबतीत नेमकी चकती फुटली. सकाळी ९ वाजून ५६ मिनिटांनी चांगी विमानतळ सोडलेले विमान इंडोनेशियाच्या बाताम बेटावरून सुमारे ७,००० फुटांवर चढत असताना दोन मोठे धमाके ऐकू आले. डाव्या पंखाखालील आतल्या बाजूच्या, म्हणजे दोन क्रमांकाच्या इंजिनातली टर्बाइनची, म्हणजे गरम वायूंच्या झोताने फिरणाऱ्या चाकाची, मधली चकती फुटली होती. तिचे तुकडे पंखातून आरपार गेले, एक तुकडा इंधनाची टाकी भेदून पंखाच्या वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडला, आणि जवळजवळ ६५० तारा तुटल्या किंवा खराब झाल्या. टाकीत क्षणभर आगही लागली होती आणि ती आपोआप विझली, हे पुढे तपासात उघड झाले. इतके होऊनही विमान उडत राहिले आणि पावणेदोन तासांनी सिंगापूरलाच सुखरूप उतरले. तेव्हा ‘खाली येणारच’ या आपल्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र त्या दिवशी धोका किती जवळ आला होता हे लपवणेही मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : असे विमान वाचले याला दैव म्हणायचे की वैमानिकांचे कौशल्य? (सांगली येथील एक वाचक)

उत्तर : दोन्हींचा वाटा आहे, पण मी तिसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची मानतो, ती म्हणजे वेळ. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांच्याबरोबर त्या दिवशी कॉकपिटमध्ये योगायोगाने एकूण पाच वैमानिक होते, कारण कॅप्टनची नियमित चाचणी त्याच उड्डाणात होती आणि चाचणी घेणारा वैमानिक स्वतः प्रशिक्षणाखाली असल्याने त्याच्यावर देखरेख करणाराही सोबत होता. विमान उडते आहे आणि नियंत्रणात आहे याची खात्री होताच त्यांनी लगेच उतरण्याची घाई केली नाही. सिंगापूरच्या पूर्वेला घिरट्या घालत, संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या बिघाडांच्या सूचना त्यांनी क्रमाने वाचल्या आणि प्रत्येकीचा विचार केला, आणि एवढ्या कामाला सुमारे पन्नास मिनिटे लागली.

ही पन्नास मिनिटे किती आवश्यक होती हे उतरताना समजले. इंधन हवेत सोडून देण्याची व्यवस्था निकामी झाली होती, त्यामुळे विमान उतरण्यासाठी ठरवलेल्या कमाल वजनापेक्षा कितीतरी जड होते. पंखाच्या पुढच्या कडेच्या झडपा उघडत नव्हत्या, चाके गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर खाली सोडावी लागली, आणि ब्रेकच्या यंत्रणेचाही काही भाग गेलेला होता. ए-३८०मध्ये उलट दिशेने जोर लावण्याची सोय फक्त आतल्या दोन इंजिनांना असते, आणि त्यांपैकी एक तर फुटलेलेच होते. संगणकाने ४,००० मीटर लांबीच्या धावपट्टीवर विमान थांबेल का याचे पहिले उत्तरच दिले नाही. माहिती पुन्हा नीट भरल्यावर शेवटी फक्त १०० मीटर शिल्लक राहतील असे उत्तर आले. विमान थांबले तेव्हा चार टायर फुटलेले होते, ब्रेक तापून लाल झाले होते आणि डाव्या पंखातून इंधन गळत होते.

दैवाविषयी बोलायचे तर १९ जुलै १९८९ची अमेरिकेतली घटना आठवावी लागते. युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीकडील इंजिनात पंख्याची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या द्रवदाबाच्या तिन्ही यंत्रणा एकदम तोडल्या. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत वैमानिकांनी ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले ही असामान्य गोष्ट होती, तरी विमानातल्या २९६ जणांपैकी ११२ जणांचे प्राण गेले. यंत्रणा एकमेकींपासून दूर ठेवण्याचे पुढच्या पिढीतील विमानांचे नियम अशा दुर्घटनांतून अधिक कडक झाले. बाताम बेटावरच्या त्या सकाळी जे दैव म्हणून दिसले, त्यातला काही भाग आधी कोणीतरी भोगलेल्या दुःखातून आलेला होता.

प्रश्न : नवेकोरे म्हणावे असे विमान, इतके महागडे इंजिन, आणि तरीही चकती फुटली. नेमके बिघडले काय? मी स्वतः यंत्रकामाच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडे खोलात जाऊन सांगावे. (पिंपरी-चिंचवड येथील एक वाचक)

उत्तर : आपण यंत्रकामाच्या क्षेत्रात आहात म्हणून हे उत्तर मोठे होऊ देतो, कारण या घटनेचे मूळ विमानतळावर नव्हे तर यंत्रशाळेतल्या मोजमापात सापडले.

इंजिन रोल्स-रॉइस कंपनीचे ट्रेंट ९०० जातीचे होते. त्यात एकात एक बसणारे तीन दांडे असतात आणि प्रत्येकाची टर्बाइन वेगळी असते. आतल्या बेअरिंगपर्यंत वंगण तेल पोहोचवणारी एक आखूड नळी इंजिनाच्या अत्यंत तापलेल्या भागातून जाते. या नळीच्या तोंडाशी गाळणी बसवता यावी म्हणून तिचे भोक आतून थोडे रुंद केलेले असते. उड्डाण ३२च्या इंजिनात हे रुंदीकरण नळीच्या अक्षाशी जुळलेले नव्हते, ते एका बाजूला सरकलेले होते. परिणामी नळीची भिंत एका बाजूला जाड राहिली आणि दुसऱ्या बाजूला पातळ झाली. इंजिन चालताना सगळे भाग किंचित हलतात, त्या हालचालीचा ताण पातळ बाजूवर पडत राहिला आणि धातू थकून तिथे तडा गेला.

तड्यातून तेलाचा बारीक फवारा गरम पोकळीत उडू लागला आणि पेटला. ही आग चकती आणि तिचा दांडा यांना जोडणाऱ्या भागाजवळ होती. धातू तापून कमजोर झाला आणि चकती दांड्यापासून सुटी झाली. चढावर जोर लावून पायडल मारताना चेन निसटली की पायडल एकदम रिकामे गरगरते, तसेच काहीसे इथे झाले. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचा, भार चकतीवरून गेला, मात्र गरम वायू तिला पूर्वीसारखेच ढकलत राहिले. काही क्षणांत तिचा वेग धातूला सोसवेल त्याच्या पलीकडे गेला आणि ती फुटली.

इथपर्यंतचे उत्तर कोणत्याही कुशल तंत्रज्ञाने दिले असते. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा ब्यूरोचा २७ जून २०१३ रोजी प्रसिद्ध झालेला अहवाल मला मोलाचा वाटतो तो त्याच्या पुढच्या भागासाठी. नळीचे भोक सरकलेलेच का, आणि सरकलेले असूनही तो भाग कारखान्यातून बाहेर पडला कसा, हे प्रश्न त्यात शेवटपर्यंत सोडलेले नाहीत. तो भाग इंग्लंडमधील हकनॉल येथे तयार होत असे. आराखड्यात ज्या जागेपासून मोजमाप धरायचे होते, ती जागा भाग जोडत गेल्यावर झाकली जात होती, म्हणून प्रत्यक्ष काम करताना दुसऱ्याच जागेपासून माप धरले जाई. मधल्या टप्प्यात भाग जरासा हलला, तर या दुसऱ्या मापात तो दोष दिसतच नसे. मोजणारा प्रामाणिकपणे मोजत होता आणि आकडे बरोबर येत होते, परंतु जे मोजायला हवे होते ते मोजलेच जात नव्हते. आपण स्वतः लेथवर किंवा मोजणीच्या टेबलावर काम केले असेल, तर संदर्भाची जागा बदलली की काय होते हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अहवालात पुढे येते. ठरलेल्या मापापेक्षा किंचित वेगळ्या निघालेल्या भागांची नोंद न करता ते पुढे पाठवणे चालण्यासारखे आहे, असा समज त्या कारखान्यात रूढ झाला होता. २००९ मध्ये या भोकाच्या मापात गडबड आहे हे कंपनीतल्याच लोकांच्या लक्षात आले होते. तेव्हा मोजक्या भागांची मापे घेऊन त्यावरून बाकीच्यांविषयी सांख्यिकी अंदाज बांधला गेला आणि वापरात असलेल्या इंजिनांना मागाहून सूट देण्यात आली. त्या सुटीच्या कागदावर ज्या वरिष्ठांची मान्यता कंपनीच्याच नियमानुसार हवी होती, ती घेतली गेली नव्हती. हा परिच्छेद मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी विमान हवेत जाण्याच्या कितीतरी आधी ते वाचवण्याची एक संधी कागदावर येऊन निघून गेली होती, हे मनाला लागते.

प्रश्न : मग शिक्षा कोणाला झाली? अहवालात दोषी व्यक्तींची नावे का नसतात? आपल्याकडे अशा वेळी सगळ्यांना आधी गुन्हेगार हवा असतो. (कोल्हापूर येथील एक वाचक)

उत्तर : अहवालात कोणाला दोषी ठरवलेले नाही, आणि तसे न ठरवणे हा त्या तपासाचा कमकुवतपणा आहे असे मला वाटत नाही. १९४४च्या शिकागो करारानुसार नागरी विमान वाहतुकीचे जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांच्या तेराव्या परिशिष्टात अपघात-तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे आणि दोष किंवा दायित्व ठरवणे हा त्याचा हेतू नाही, असे स्वच्छ म्हटले आहे. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास ब्यूरोही याच तत्त्वावर काम करतो.

यामागचे कारण व्यवहारातले आहे. हकनॉलच्या कारखान्यात बारीक फरक लपवले जात होते हे तपासकर्त्यांना कोणी सांगितले असेल? तिथे काम करणाऱ्यांनीच. जो कामगार किंवा अभियंता आपल्या तोंडून निघालेला शब्द उद्या आपल्याविरुद्ध न्यायालयात वाचला जाईल या भीतीखाली आहे, तो वकिलाला विचारल्याशिवाय काही बोलणार नाही, आणि मग नळी तुटली एवढ्यावरच तपास थांबेल. नुकसानभरपाई आणि कायदेशीर जबाबदारी यांचा मार्ग वेगळा असतो आणि तो इथेही चालला. रोल्स-रॉइसने २०११ मध्ये क्वांटासला साडेनऊ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. जिथे कोणी जाणूनबुजून गुन्हा केला असेल तिथे पोलीस आणि न्यायालय आपले काम करतातच. मात्र अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी वैमानिकाला किंवा एखाद्या तंत्रज्ञाला दोषी ठरवून मोकळे होण्याची आपल्या समाजाची आणि माध्यमांची सवय पाहिली की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या घाईत पुढच्या प्रवाशांचे नुकसान होते.

प्रश्न : तुकडे इंडोनेशियात पडले, विमान सिंगापूरला उतरले, इंजिन ब्रिटिश, विमान फ्रान्समध्ये जोडलेले. मग तपास ऑस्ट्रेलियाकडे कसा गेला? ब्लॅक बॉक्समधून काय मिळाले? (पुणे येथील एक वाचक)

उत्तर : ज्या देशाच्या हद्दीत घटना घडते त्या देशाकडे तपासाचा पहिला अधिकार असतो, म्हणजे इथे तो इंडोनेशियाकडे होता. विमानाची नोंदणी ज्या देशात आहे त्याच्याकडे तो सोपवण्याची तरतूद नियमांत आहे आणि इंडोनेशियाने तसेच केले. ब्रिटन, फ्रान्स आणि सिंगापूर यांच्या तपाससंस्था सहभागी राहिल्या.

सर्वांत मोलाचा पुरावा बाताम बेटावर विखुरला होता. घरांवर आणि मोकळ्या जागी पडलेल्या भागांमुळे सुरुवातीला विमानच कोसळल्याची बातमी पसरली होती. जमिनीवर मात्र कोणी जखमी झाले नाही. तपाससंस्थेने चकतीचे चित्र प्रसिद्ध करून असा तुकडा सापडल्यास पोलिसांकडे द्यावा असे आवाहन बेटावरच्या रहिवाशांना केले. त्या बेटावरून मिळालेल्या चकतीच्या मोठ्या तुकड्याच्या तुटलेल्या कडा वाचूनच ती अतिवेगाने फुटली हे ठरवता आले. सू सिटीच्या वेळीही चकतीचे तुकडे सुमारे तीन महिन्यांनी आयोवातल्या मक्याच्या शेतात कापणीच्या हंगामात मिळाले होते.

ब्लॅक बॉक्सपैकी उड्डाणाची आकडेवारी नोंदवणारी पेटी उपयोगी पडली. कॉकपिटमधला आवाज नोंदवणारी पेटी मात्र फक्त शेवटचे दोन तास जपून ठेवते, आणि डावीकडचे बाहेरचे इंजिन तारा तुटल्यामुळे उतरल्यानंतरही दोन तासांहून अधिक वेळ बंदच होईना. ते चालू असेपर्यंत ही पेटीही मुद्रण करतच राहिली, त्यामुळे इंजिन फुटल्याच्या क्षणाचे ध्वनिमुद्रण पुसले गेले.

प्रश्न : अहवाल येईपर्यंत अडीच वर्षे गेली. तोवर तशीच इंजिने लावलेली बाकीची विमाने उडतच होती का? (छत्रपती संभाजीनगर येथील एक वाचक)

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज सर्रास आढळतो म्हणून स्पष्ट लिहितो. अंतिम अहवालाची वाट पाहत कोणी थांबत नाही. क्वांटासने आपली सहाही ए-३८० विमाने लगेच उड्डाणांतून काढली आणि २७ नोव्हेंबरपासून तपासणी होईल तशी पुन्हा सुरू केली. तेलाच्या नळीवर संशय पक्का होताच, महिन्याभरात, तपाससंस्थेने तातडीची सुरक्षा-शिफारस काढली आणि जगभरातील या जातीच्या इंजिनांतल्या नळ्यांची मोजणी झाली. सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्तान्सा यांच्याकडेही तीच इंजिने होती. दोष आढळलेली इंजिने काढून टाकण्यात आली. पुढे इंजिनाच्या नियंत्रक संगणकात अशी सुधारणा करण्यात आली की मधली टर्बाइन सुटी होऊन वेग घेऊ लागली आहे हे ओळखून ती फुटण्याआधीच इंजिन बंद पडावे. चकती फुटल्यास विमानाच्या रचनेत काय काळजी घ्यावी याविषयीच्या जुन्या मार्गदर्शक सूचना या घटनेच्या अनुभवावरून पुन्हा तपासाव्यात, अशी शिफारस युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांना करण्यात आली. खुद्द ते विमान दुरुस्त होऊन एप्रिल २०१२ मध्ये परत सेवेत आले.

प्रश्न : खिडकीतून काही विचित्र दिसले तर प्रवाशाने सांगावे का? कर्मचारी त्रासिक होतील असे वाटून मी एकदा गप्प बसले होते. (मडगाव, गोवा येथील एक वाचक)

उत्तर : अवश्य सांगावे. कॉकपिटमधून ए-३८०चे पंख नीट दिसत नाहीत. उड्डाण ३२मध्ये एक वैमानिक पाहणीसाठी केबिनमध्ये आला, तेव्हा प्रवासी म्हणून बसलेल्या कंपनीच्याच एका वैमानिकाने त्याला समोरच्या पडद्यावर शेपटीवरील कॅमेऱ्याचे दृश्य दाखवले, आणि त्यात पंखामागे सांडत जाणाऱ्या इंधनाचा पट्टा दिसत होता. आपण जवळच्या कर्मचाऱ्याला काय दिसले आणि कोणत्या बाजूला दिसले एवढेच शांतपणे सांगावे, उठून इतरांना दाखवत फिरू नये.

विमान थांबल्यावर मात्र सूचना येईपर्यंत जागा सोडू नये. त्या दिवशी खाली इंधन सांडलेले होते, ब्रेक तापलेले होते आणि डावीकडचे इंजिन चालूच होते, म्हणून घसरगुंड्या न उघडता अग्निशमन दलाचा फेस पसरेपर्यंत सर्वांना आत बसवून ठेवण्यात आले आणि नंतर उजव्या बाजूच्या एकाच दारातून जिन्याने उतरवण्यात आले. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत सुमारे तास लागला.